लाल रंग सगळ्यात आधी जातो

अण्णा,

मी आता समुद्रात बुडी मारायला जाते, आणि तीही अंधार पडल्यावर. हे ऐकून तुम्ही काय केलं असतं ते मला माहीत आहे. आधी आईकडे पाहिलं असतं आणि मग मला विचारलं असतं, "तठे काय दिखस व?" तिथे दिसतं तरी काय. माझ्या ऑफिसातले लोकही हेच विचारतात, पण त्यांच्या विचारण्यात हसू असतं. तुमच्या प्रश्नात ते नसतं. कोणत्या उजेडात काय दिसतं, हेच तुम्ही आयुष्यभर पाहिलंत. म्हणून उत्तर तुम्हालाच द्यावं असं वाटलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही जमलं नाही. हे आहे.

गेली चार वर्षं हिवाळ्यात आठवडाभर मी अंदमानातल्या एका बेटावर जाते. सुरतेच्या डिंडोलीत वाढलेली, पन्नाशीला आलेली, जाड भिंगांची बाई पाठीवर हवेची टाकी बांधून होडीच्या काठावर बसते, हे दृश्य तुमच्या डोळ्यांसमोर येणार नाही. माझ्याही येत नव्हतं. तापीत मी कधी घोट्यापलीकडे गेले नाही. पोहायला शिकले ते चाळिशीनंतर, महापालिकेच्या तलावात, सकाळी बायकांसाठी ठेवलेल्या वेळात. तिथल्या एका बाईंनी अंदमानचं सांगितलं आणि मी गेले. पहिल्या वर्षी दिवसा बुड्या मारल्या. दुसऱ्या वर्षी शिकवणाऱ्या मुलीने विचारलं, रात्री येणार का. ती मालवणकडची, नोकरीसाठी तिकडे राहिलेली, माझ्या निम्म्या वयाची, आणि पाण्यात माझा जीव तिच्या हातात. पहिल्याच दिवशी मला म्हणाली होती, "सुरतसून इलंस आणि माका एक साडी हाडलंस नाय?" तेव्हापासून मी दरवर्षी एक नेते.

तिकडे हिवाळ्यात पाच-सव्वापाचलाच दिवस मावळतो. सहा वाजता सगळं काळं झालेलं असतं. होडीच्या काठावर बसलं की खाली पाणी दिसत नाही. खाली काहीतरी आहे, ते हलतंय आणि होडीला ढकलतंय, एवढंच कळतं. ती मुलगी म्हणते, "घाबरू नको गे ताई, माका धरून रव. खाली बॅटरीन गोल केलंय की समज सगळा बरा आसा. तू पण गोल कर." मग मागे झुकायचं आणि स्वतःला सोडून द्यायचं. डोक्यावर पाणी मिटतं. त्यानंतर कानात फक्त आपला श्वास असतो, आत घेतलेला कोरडा, बाहेर सोडलेला बुडबुड्यांचा. आपण अजून आहोत याचा तेवढाच पुरावा.

लोक विचारतात, यात काय एवढं. मी त्यांना पोपटमाशाचं सांगते. तो झोपताना तोंडातून बुळबुळीत पातळ पदार्थ काढून स्वतःभोवती पिशवी करतो आणि तिच्यात निजतो. हाताने पाणी ढवळलं की बारीक निळे कण पेटतात आणि विझतात, हेही सांगते. ऐकणाऱ्यांना एवढं पुरतं. खरं कारण मी कोणाला सांगितलेलं नाही. दिवसा बुडी मारली की समुद्र सगळा एकदम समोर येतो. खडक, मासे, दूरची उतरण, खालचा खोल भाग. आणि सगळ्यावर एक निळा-राखाडी रंग चढलेला असतो. रात्री बॅटरीचा ताटाएवढा गोल, तेवढंच जग. तो गोल जिथे टाकाल तिथे वस्तू तयार होते आणि काढून घेतला की नाहीशी होते. बाकीचं कोणी दाखवत नाही, आणि पाहिलं का असं विचारतही नाही. माझ्यासारखीला हे फार बरं वाटतं. का, ते पुढे येईल.

त्या पहिल्या रात्री एका खडकाशी ती मुलगी थांबली. सकाळी आम्ही त्याच खडकाशी आलो होतो. त्याच्यावर पंख्यासारखं काहीतरी वाढलेलं, ओल्या सिमेंटच्या रंगाचं, मी दुर्लक्ष करून पुढे गेले होते. आता तिने बॅटरी जवळ नेली आणि ते लाल झालं. अण्णा, नुसतं लाल नाही. तुम्ही ज्याला 'आतमा निळं नसलेलं लाल' म्हणायचात तसं, स्वच्छ. असा लाल मी शेवटचा तुमच्या नखांच्या कडेला पाहिला होता. मी तिथेच लटकत राहिले. तिने बॅटरीने गोल केला, सगळं ठीक ना. मला उत्तराचा गोल करायला वेळ लागला, म्हणून ती जवळ आली आणि तिने माझा दंड धरला.

वर आल्यावर मी तिला विचारलं, सकाळी ते करडं का होतं. ती मास्क काढून नाक पुसत म्हणाली, "पाण्यात लाल सगळ्यात आधी जाता, ताई. सूर्याचो उजेड खाली येयसर त्यातलो लाल वरच उरता. रातचा आपण उजेड हातात घेऊन जातंव, म्हणान दिसता." मी म्हटलं, म्हणजे दिवसा दिसलं ते खोटं. ती हसली. "दिवसाचां पण खरां, रातचां पण खरां. उजेड वायलो, इतक्याच." उजेड वेगळा, एवढंच. होडी किनाऱ्याला लागेपर्यंत मी अंग आवळून बसले. तिला वाटलं मला थंडी वाजतेय. तिने मला टॉवेल दिला, चहा दिला.

तुमच्या मिलमध्ये ज्या खोलीत रंग तोलून कालवायचे तिला कलर किचन म्हणायचे. आई त्यावरून तुम्हाला सोडायची नाही. तुम्ही थकून आलात की विचारायची, "आज तुम्हना किचनमा मीठ जास्त पडनं का?" तुम्ही हात दाखवायचात. बोटांवर दिवसाचा लॉट उतरलेला असायचा, कधी मोरपंखी, कधी राणी. माल घेणारी पार्टी एवढासा नमुना आणून द्यायची आणि तुम्ही त्या रंगाचं कापड करून द्यायचात. मी शाळेत असताना एकदा डबा द्यायला आले होते, तेव्हा तुम्हाला काम करताना पाहिलं. मशीनमधून काढलेला तुकडा वाळवून तुम्ही मागच्या दारी आलात, भिंतीच्या सावलीत, जिथे ऊन थेट पडत नाही पण आभाळ मोकळं आहे. आधी मिनिटभर नुसत्या कोऱ्या कापडाकडे पाहत राहिलात. मी विचारलं, काय करताय. तुम्ही म्हणालात, डोळा धुतोय. मग नमुना तुकड्यावर ठेवलात, पाहिलंत, मान फिरवलीत, पुन्हा पाहिलंत. मला बोलावून विचारलंत, कसा आहे. मी लगेच म्हटलं, सेम. तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारलीत. "दोन येळ देख, मंग बोल." त्यात पिवळा जरा चढला होता. मला आजही तो दिसला नसता.

आणि तुमचा तो एक नियम, "दिन बुडना म्हणजे शेड देखानी नही." पार्टी कितीही घाईत असो, शेठ कितीही बोलो, सूर्य गेल्यावर तुम्ही कोणत्याही तुकड्याला हो म्हणत नव्हतात. ट्यूबलाइटला तुम्ही खोटारडी म्हणायचात. मिलमधले लोक याला मास्तरांचा सोवळेपणा म्हणायचे. तो सोवळेपणा नव्हता. दोन वेगळ्या कापडांवर दोन वेगळे रंग मिसळून एकच लाल करता येतो, आणि तो उन्हात एक असतो, ट्यूबखाली दोन होतो, हे तुम्हाला हाताने माहीत होतं. कुणाला समजावून सांगण्याची भाषा मात्र तुमच्याकडे नव्हती. भाषा माझ्याकडे होती. मी तेव्हा सुरतेतल्या एका लहान मराठी सांजदैनिकात लागले होते. अकरा वाजता मजकूर द्यायचा, चार वाजता अंक बाजारात.

लग्नसराईचा तो लॉट आला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. साडी एका कापडाची, ब्लाउजपीस दुसऱ्या कापडाचा, दोन्ही एकाच लालमध्ये हवे होते. तुम्ही मागच्या दारी पाहून पास केलंत. माल मार्केटमधल्या दुकानात गेला. तिथे गाळ्यात दिवसाही सूर्य पोहोचत नाही, सगळा कारभार ट्यूबखाली. पार्टीने साडीवर ब्लाउजपीस टाकला आणि फोन केला, दोन रंग आहेत. नेमक्या त्याच महिन्यात मिलमध्ये शेड जुळवणारं कॉम्प्युटरचं यंत्र आलं होतं आणि ते चालवणारा एक नवा केमिस्ट. शेठ तुम्हाला सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर, आंख बतावी आवो. उंमर थई." डोळे दाखवून या, वय झालं. तुम्ही म्हणालात, "शेठ, एकवार बहार लईने जुओ." एकदा बाहेर नेऊन पाहा. शेठ वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, ठीक, परवा दुपारी पार्टीला बोलावतो, सगळे मिळून बाहेर उन्हात पाहू, मग ठरवू. म्हणजे तुमच्या तीस वर्षांच्या डोळ्याचा निकाल परवा दुपारी लागणार होता. हे सगळं तुम्ही त्या संध्याकाळी जेवताना सांगितलंत, एकेक वाक्य करून, मध्ये भाकरी मोडत.

जेवण झाल्यावर तुम्ही खिशातून दोन तुकडे काढलेत आणि माझ्या वहीवर ठेवलेत. एक साडीचा, एक ब्लाउजपीसचा. "तुले काय दिखस? एकच शे का येगळा?" मी लिहीत बसले होते. मिलमध्ये येणाऱ्या या नव्या यंत्रांवरच संपादकांनी मजकूर मागितला होता, त्यात यंत्र होतं, केमिस्ट होता, पण माणूस नव्हता. वर आपली चाळीस वॅटची ट्यूब होती. मी एकदा पाहिलं आणि म्हटलं, "वेगळे आहेत, अण्णा. स्पष्ट दिसतंय. डोळे दाखवून या एकदा." तुम्ही तुकडे उचललेत. "सकाय उनमा देखजो व," म्हणालात. सकाळी उन्हात बघ. मी हो म्हटलं आणि खाली मान घालून लिहू लागले. मला माझा माणूस मिळाला होता.

मजकूर तीनशे शब्दांचा होता. माणसाचा डोळा थकतो, यंत्राचा थकत नाही, अशी सुरुवात. मध्ये एक उदाहरण, नाव न देता: तीस वर्षं रंग जुळवणारे एक मास्तर, ज्यांना साडीचा लाल आणि ब्लाउजपीसचा लाल यांतला फरक दिसेनासा झाला. शेवट सहानुभूतीचा. संपादकांनी एक शब्दही बदलला नाही. दुसऱ्या दिवशी चारला अंक आला आणि तुम्ही तो स्टेशनजवळून विकत घेऊन घरी आणलात. घरी फुकट येत असताना. पलंगावर बसून पूर्ण वाचलात, बोट ओळीखाली ठेवून. मग घडी घातलीत. "गंज भारी लिखं व," तुम्ही म्हणालात. फार छान लिहिलंस. थोड्या वेळाने म्हणालात, "एक चूक शे." मग स्वतःच, "ऱ्हाऊ दे," म्हणालात आणि हातपाय धुवायला गेलात. आमच्या धंद्यात कोणी चूक आहे म्हटलं की पहिला प्रश्न, कोणती. दुसऱ्यांच्या किती चुका मी नंतर दुरुस्त करून छापल्या. तुम्हाला मी तो प्रश्न विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी पार्टी आली, ती अंक हातात घेऊनच. हे मला तुमच्या तेराव्याला कळलं. तुमच्याशेजारी रंग तोलणारे काका आले होते, त्यांनी सांगितलं. शेठने मजकूर वाचला आणि म्हणाला, "छापामां पण आवी गयुं, मास्तर." पेपरात पण आलं आता. पुढे पाहायचं काय उरलं? काका सांगत होते, "बिटिया, मास्टर दोनों टुकड़े लेकर पीछे के दरवाज़े तक गये. सोचे, सब आयेंगे. पीछे कोई नहीं आया." किती वेळ उभे होते, मी विचारलं. काका म्हणाले, अब क्या बतायें. तो मजकूर कोणी लिहिला हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

तुम्हाला घडी खात्यात टाकलं. तिथे कापडाच्या घड्या घालायच्या, रंग कोणताही असो. तुम्ही तक्रार केली नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलात, त्यांनी वयाच्या मानाने उत्तम म्हणून सांगितलं, आणि तुम्ही त्यांच्यावरही विश्वास ठेवला नाहीत. मला जे विसरता येत नाही ते भाजीच्या गाडीवरचं आहे. आपण दोघं संध्याकाळी उभे होतो, तुमच्या हातात टोमॅटो, आणि तुम्ही भाजीवालीला विचारलंत, "बाई, हा पिकेल शे ना?" तिला वाटलं चेष्टा आहे. "मास्तर, टोमॅटो लाल दिसत नाही का तुम्हाला?" ती हसली. तुम्हीही हसलात. तो टोमॅटो परत ठेवलात आणि मला म्हणालात, तूच घे निवडून. खाडीच्या पाण्याचा रंग पाहून कोणत्या मिलमध्ये कोणता लॉट चालू आहे ते सांगणारा माणूस. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, झोपेत, आणि लोक म्हणाले, सुखाचं मरण.

अंदमानातल्या त्या रात्रीनंतर मी हे पत्र मनात बरेचदा लिहिलं. त्यात असं होतं की तुमचा डोळा बरोबर होता, दुकानाचा उजेड वेगळा होता. मी अडाणी होते, रंगातलं मला काही कळत नव्हतं, आणि पन्नाशीच्या तोंडावर समुद्राच्या तळाशी हातात उजेड धरल्यावर मला ते कळलं. ती मुलगी म्हणाली तसं, हेही खरं, तेही खरं. असं पत्र तुम्हाला आवडलं असतं. मला माफ करणं तुम्हाला त्यात सोपं गेलं असतं, न कळत झालेली चूक म्हणून. म्हणूनच मी परत परत तिथे जाते बहुधा. दर वेळी पाण्याखाली ते कळल्याचा आनंद नव्याने घेते. वर येते आणि दोन-चार दिवस मला शांत झोप लागते.

पण मला ते तिथे कळलं नाही, अण्णा. हे पत्र कुठे जायचं नाही, आईही आता नाही, तेव्हा इथे लिहायला हरकत नसावी. ज्या दिवशी मजकूर छापून आला त्या दिवशी सकाळी मी टॉवेल घ्यायला गच्चीवर गेले होते. कठड्यावर तुम्ही ते दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवले होते, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक खडा. नऊ वाजले असतील, ऊन चांगलं पडलं होतं. मी वाकून पाहिलं. एकच लाल होता. कडेला कड लावली तरी सांधा कळत नव्हता. मजकूर खाली माझ्या पिशवीत होता, अजून दिलेला नव्हता. तिसऱ्या पानावर त्याच्यासाठी जागा सोडलेली होती आणि तिथे घालायला माझ्याकडे दुसरं काही तयार नव्हतं.

मी खाली आले. तुम्ही दारात चहा पीत बसला होतात. "देखं का व?" तुम्ही विचारलंत.

"नाही, राहिलं," मी म्हटलं, आणि चपला घालून निघाले.